सात स्त्रीबीजांचा कायदा आणि अंडाशयाचे गणित

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २५ जानेवारी २०२२ रोजी देशभर अमलात आला. टेस्ट ट्यूब बेबी केंद्रे, वीर्यपेढ्या आणि स्त्रीबीजपेढ्या यांना नोंदणीच्या चौकटीत आणणारा हा देशातील पहिलाच कायदा. त्याच्या २७व्या कलमात एक लहानसे वाक्य आहे. स्त्रीबीज दान करणारी स्त्री आयुष्यात एकदाच दान करू शकेल आणि तिच्या शरीरातून सातपेक्षा अधिक स्त्रीबीजे काढता येणार नाहीत, असे हे वाक्य सांगते. कायद्याच्या मसुद्यावर संसदेत आणि बाहेर जी चर्चा झाली, तिचा बराचसा भाग सरोगसी, अविवाहितांचे हक्क आणि परदेशी जोडप्यांचे येणे या मुद्द्यांभोवती फिरला. सात या आकड्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. प्रत्यक्षात या आकड्याचा संबंध स्त्रीच्या शरीरात महिनोन्‌महिने चालणाऱ्या एका अत्यंत गुंतागुंतीच्या प्रक्रियेशी आहे.

असा निर्बंध घालण्यामागची भीती निराधार नव्हती. कायदा लागू झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, जून २०२२ मध्ये, तमिळनाडूतील इरोड येथील एक प्रकरण उघडकीस आले. सोळा वर्षांच्या मुलीचे वय खोट्या कागदपत्रांवर वाढवून दाखवून तिची स्त्रीबीजे वारंवार विकली गेल्याचा आरोप होता. जवळच्याच माणसांना अटक झाली आणि राज्य सरकारने चौकशी करून संबंधित रुग्णालयांवर कारवाई केली. गरजू तरुणींना दलालांमार्फत पुन्हा पुन्हा इंजेक्शनांच्या चक्रात ओढले जाते, हे या क्षेत्रातील जुने आणि कडवट वास्तव आहे. तेव्हा दात्या स्त्रीला संरक्षण हवे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो संरक्षण नेमके कोठे द्यायचे हा. कायदा मोजणी करतो ती स्त्रीबीज सुईने काढले जाते त्या क्षणी. शरीराला होणारा धोका मात्र त्याच्या दहा-बारा दिवस आधीपासून, औषधांच्या प्रभावाखाली अंडाशय वाढू लागतो तेव्हापासून, आकार घेत असतो. दुसरीकडे खासगी बाजारपेठही आकडेच विकते. रक्ताच्या एका चाचणीवरून ‘तुमचा साठा किती उरला’ हे सांगणाऱ्या आणि स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याचा सल्ला देणाऱ्या जाहिराती महानगरांतील नोकरदार तरुणींपर्यंत सहज पोहोचतात. कायदा असो वा जाहिरात, दोन्हींचा भर संख्येवर आहे. स्त्रीबीजाचे भवितव्य ठरते ते मात्र त्याची वाढ आणि परिपक्वता कशी झाली यावर. म्हणूनच अंडाशयात काय घडते, हे समजून घेतल्याशिवाय या वादाचा नीट उलगडा होणे शक्य नाही.

जन्माआधीच ठरलेली पुंजी

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. स्त्रीबीजांची कथा याच्या अगदी उलट आहे. मुलीचा गर्भ आईच्या उदरात साधारण वीस आठवड्यांचा असतो तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ ते सत्तर लाख बीजपेशी असतात. तिच्या आयुष्यातील ही सर्वोच्च संख्या. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाखांवर आलेली असते आणि वयात येईपर्यंत तीन ते चार लाख उरतात. यांपैकी जेमतेम चारशे स्त्रीबीजे पुढे प्रत्यक्ष अंडाशयाबाहेर पडतात. बाकीची सारी वाटेतच विरून जातात. साठा सुमारे एक हजारावर येऊन ठेपला की पाळी थांबते. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती सरासरी ४६ ते ४७ या वयात, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते.

हा साठा नव्याने भरत नाही, हे तत्त्व ब्रिटिश शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी १९५१ मध्ये ठामपणे मांडले. २००४ मध्ये अमेरिकेतील जोनाथन टिली यांच्या गटाने उंदरांच्या अंडाशयात नवी बीजे तयार करणाऱ्या मूलपेशी असल्याचा दावा करून खळबळ उडवून दिली. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. परंतु स्त्रीच्या शरीरात प्रौढ वयात नवी, वापरण्याजोगी स्त्रीबीजे तयार होतात असे आजवर सर्वमान्य रीतीने सिद्ध झालेले नाही. वैद्यकीय व्यवहार अजूनही जुन्या तत्त्वावरच चालतो.

या साठ्यातील प्रत्येक स्त्रीबीज एका विलक्षण अवस्थेत थबकलेले असते. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धगुणसूत्री विभाजन त्याने जन्माआधीच सुरू केलेले असते आणि मध्येच थांबवलेले असते. जोडीजोडीने बिलगलेली गुणसूत्रे त्याच स्थितीत वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात. वीस वर्षांच्या तरुणीचे स्त्रीबीज वीस वर्षे थांबलेले असते, चाळीस वर्षांच्या स्त्रीचे चाळीस वर्षे. या गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनांची बंधने काळाबरोबर सैल होत जातात. वाढत्या वयात गर्भपाताचे आणि डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांचे प्रमाण वाढते, त्याचे मुख्य कारण येथे आहे. तिशीच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या भ्रूणांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळते. चाळिशीनंतर हे प्रमाण निम्म्याच्या पुढे जाते.

अनेक महिन्यांची वाढ, पंधरवड्याची निवड

स्त्रीबीज अंडाशयात एकटे कधीच नसते. त्याच्याभोवती पेशींचे वेष्टन असते आणि या सबंध घटकाला डॉक्टर फॉलिकल म्हणतात. मराठी परिभाषेत पुटक. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या गोल ठिपक्यांसारखी जी दिसतात, ती ही पुटके. साठ्यातील निद्रिस्त पुटक मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढे असते. मध्ये स्त्रीबीज आणि भोवती चपट्या पेशींचा एकच थर, इतकाच त्याचा पसारा. बीज सोडण्याच्या बेतात असलेल्या पुटकाचा व्यास मात्र सुमारे वीस मिलिमीटर भरतो. म्हणजे व्यासात जवळजवळ पाचशे पट वाढ.

ही वाढ एका महिन्यात होत नाही. तरुण वयात दर महिन्याला शेकडो निद्रिस्त पुटके जागी होतात. चपट्या पेशी प्रथम घनाकार होतात, मग त्यांचे थरावर थर चढतात. या आतल्या पेशींना ग्रॅन्युलोसा पेशी म्हणतात. बाहेरून थिका नावाच्या पेशींचे आणि रक्तवाहिन्यांचे आवरण तयार होते. आत स्त्रीबीजही वाढत असते. मिलिमीटरच्या पस्तीस सहस्रांशांपासून ते सुमारे एकशे वीस सहस्रांशांपर्यंत पोहोचते आणि शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक ठरते. पुढे पेशींमध्ये द्रव साठून पोकळी तयार होते. हा सगळा प्रवास कित्येक महिन्यांचा आहे. फ्रेंच संशोधक अलाँ गुजाँ यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासानुसार या प्रवासाचा केवळ उत्तरार्धच सुमारे ८५ दिवसांचा असतो. म्हणजे आज बाहेर पडणाऱ्या स्त्रीबीजाने शेवटची दौड निदान तीन पाळ्यांपूर्वीच सुरू केलेली असते.

शेवटच्या पंधरवड्यात निवड होते. पाळीच्या सुरुवातीला मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक वाढते आणि काही मिलिमीटर आकाराच्या लहान पुटकांचा एक गट पुढे सरकतो. थिका पेशी दुसऱ्या संप्रेरकाच्या, म्हणजे एलएचच्या, सांगण्यावरून पुरुषी संप्रेरके बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या साह्याने त्यांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतात. एका पेशीचा कच्चा माल ही दुसरीची गरज, अशी ही दोन पेशींची भागीदारी आहे. इस्ट्रोजेन वाढले की ते पीयूषिकेला उलट संदेश पाठवते आणि एफएसएच ओसरू लागते. दुष्काळात ज्याची विहीर खोल, त्याचेच शेत तगते. तसेच येथे घडते. सुमारे दहा मिलिमीटरपर्यंत वाढलेले आणि एफएसएचला सर्वाधिक प्रतिसाद देणारे एकच पुटक कमी पुरवठ्यावर टिकाव धरते. गटातील बाकीची सुकून जातात.

या टप्प्यावर प्रक्रिया अडखळली तर काय होते, याचे उदाहरण शहरी कुटुंबांना परिचयाचे आहे. पीसीओएस या विकारात अंडाशयावर ‘गाठी’ असल्याचे रुग्णांना सांगितले जाते. वस्तुतः त्या गाठी नसतात. काही मिलिमीटरपर्यंत वाढून तेथेच अडकलेली ती पुटके असतात. संख्या भरपूर, पण एकही पुढे जात नाही. भरपूर पुटके असणे म्हणजे उत्तम प्रजननक्षमता, या समजुतीला यापेक्षा सोपे उत्तर नाही.

छत्तीस तासांचे रहस्य

पुटक वाढले म्हणून आतले बीज परिपक्व झाले असे होत नाही. वाढ आणि परिपक्वता या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत आणि दुसरी पायरी शेवटच्या दीड दिवसात चढली जाते. भोवतालच्या ग्रॅन्युलोसा पेशी स्त्रीबीजाच्या कवचातून अतिसूक्ष्म तंतू आत पाठवतात आणि त्यांच्या टोकांवरील छिद्रांतून पोषणद्रव्ये व रासायनिक संदेश पुरवतात. स्त्रीबीजही गप्प बसत नाही. ते स्वतःची प्रथिने बाहेर सोडून या पेशींची वाढ आपल्या गरजेप्रमाणे घडवून आणते. याच पेशी एका विशिष्ट रेणूचा सतत पुरवठा करून बीजाचे थांबलेले विभाजन थांबलेलेच ठेवतात.

हा रोध बाहेरून लादलेला असतो, याचा पहिला सुगावा १९३५ मध्ये लागला. अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि एन्झमन यांनी सशाच्या पुटकातून बीज बाहेर काढून ठेवले, तेव्हा ते आपोआप परिपक्व होऊ लागले. पुढे गर्भनिरोधक गोळीच्या निर्मितीत वाटा उचलणारे पिंकस ते हेच. मानवी बीजाला यासाठी किती वेळ लागतो, हे मात्र ठाऊक नव्हते. ब्रिटनमधील रॉबर्ट एडवर्ड्स यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाचे तुकडे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून मिळवून प्रयोग केले आणि १९६५ मध्ये उत्तर दिले. सशाच्या बीजाला दहा-बारा तास पुरतात, तर मानवी बीजाला सुमारे छत्तीस तास लागतात. निसर्गातही असेच घडते. इस्ट्रोजेनची पातळी सलग चढी राहिली की एलएचची मोठी लाट उसळते, पेशींकडून येणारा रोधक रेणू आटतो, निम्मी गुणसूत्रे एका सूक्ष्म पिंडात बाहेर टाकली जातात आणि सुमारे छत्तीस तासांनी पुटक फुटून बीज बाहेर पडते. आयव्हीएफचे उपचार घेणाऱ्या स्त्रीला रात्री ठरलेल्या मिनिटाला शेवटचे इंजेक्शन घ्यायला सांगितले जाते आणि एक रात्र सोडून सकाळी बीजे काढली जातात, त्यामागचे गणित हे आहे.

एका बीजापासून अनेक बीजांकडे

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती नैसर्गिक चक्रातील एका बीजापासून. तिच्या आईला अंडाशय उद्दीपित करणारी औषधे दिलेली नव्हती. त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. त्यांनी संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी एकाच वेळी अनेक पुटके वाढवली होती आणि भ्रूण गोठवून नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडला होता. आज जगभर रूढ असलेल्या दोन्ही पद्धती त्यांच्या कामात होत्या. मात्र राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार या प्रयोगात सहभागी होते. देशातील पहिली अधिकृत टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षाची नोंद झाली. पुढे याच आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांची कागदपत्रे तपासली आणि पहिलेपणाचा मान कोलकात्याचा असल्याचे १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिले. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात असा मनाचा मोठेपणा विरळाच.

उद्दीपनाचे तर्कशास्त्र सरळ आहे. बाहेरून एफएसएच देत राहिले की त्याचा दुष्काळ पडत नाही आणि त्या महिन्यात सुकून जाणारी पुटकेही वाढत राहतात. त्यामुळे उद्दीपनाने पुढील वर्षांचा साठा संपतो, ही सर्वत्र आढळणारी भीती खरी नाही. जी बीजे एरवी वाया गेली असती तीच वाचवली जातात. खरा धोका वेगळा आहे. फार पुटके एकदम वाढली आणि त्यांना अंतिम परिपक्वतेचे इंजेक्शन दिले, तर रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून पोटात, प्रसंगी छातीत साचतो. रक्त दाट होते, गुठळ्या होऊ शकतात. अंडाशयाच्या अतिउद्दीपनाचा हा विकार गंभीर झाल्यास प्राणावर बेततो.

सातचा हिशेब

आता सात या आकड्याकडे पाहता येईल. एकाच मात्रेला दोन समवयस्क स्त्रिया सारखा प्रतिसाद देत नाहीत. एकीच्या अंडाशयात पाच पुटके वाढतात, तर दुसरीच्या वीस. त्या महिन्याचा गट किती मोठा आहे यावर ते अवलंबून असते. डॉक्टर मात्रा कमी-अधिक करू शकतात. सातवर थांबा, असे अंडाशयाला सांगू शकत नाहीत. समजा पंधरा पुटके वाढली आणि सातच रिकामी केली, तरी उरलेली आठ शरीरातच असतात आणि त्यांची संप्रेरके रक्तात येतच राहतात. काढलेल्या बीजांची संख्या कमी ठेवल्याने दात्या स्त्रीचा धोका आपोआप कमी होत नाही. या मुद्द्यावर वैद्यकीय वर्तुळातून आक्षेप आले ते याच कारणाने.

धोका कमी करण्याचे मार्ग वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. सुरुवातीची मात्रा सावधपणे ठरवणे, सोनोग्राफी आणि रक्तचाचणीने वाढीवर नजर ठेवणे, प्रतिसाद अति वाटला तर चक्र सोडून देणे, हे झाले मूलभूत उपाय. त्याखेरीज अंतिम इंजेक्शनात दीर्घकाळ प्रभाव टिकवणाऱ्या एचसीजीऐवजी पीयूषिकेतूनच अल्पकाळची एलएच लाट उसळवणारे औषध वापरले, तर गंभीर अतिउद्दीपनाचा धोका मोठ्या प्रमाणात टळतो. दात्या स्त्रीच्या गर्भाशयात त्या चक्रात भ्रूण सोडायचा नसल्याने तिच्या बाबतीत हे औषध वापरण्यात अडचणही नसते. दात्या स्त्रीच्या जिवाला खरे संरक्षण देणारी ही पथ्ये पाळली गेली की नाहीत, हे काढलेल्या बीजांच्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरी बाजू बीज घेणाऱ्या जोडप्याची. काढलेली सर्व बीजे परिपक्व नसतात. साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश बीजांनीच शेवटची पायरी गाठलेली असते. म्हणजे सातांपैकी पाच किंवा सहा. त्यांतील सुमारे सत्तर टक्के फलित होतात, म्हणजे चार. पाचव्या दिवसापर्यंत त्यांतील निम्मे तगतात, म्हणजे दोन. दात्या स्त्रीचे वय कायद्याने २३ ते ३५ या टप्प्यात असल्याने हे दोन भ्रूण चांगले असण्याची शक्यता मोठी आहे आणि अनेक जोडप्यांना ते पुरेसे ठरू शकतात. परंतु ही सरासरी झाली. ज्यांच्या वाट्याला एकही भ्रूण येत नाही, त्यांना पुन्हा नवी दाती शोधावी लागते. म्हणजे आणखी एका तरुणीला इंजेक्शने, भूल आणि सुई. एका दात्या स्त्रीवरील भार कमी करताना दात्यांची एकूण संख्या वाढत असेल, तर हिशेब कोणाच्या बाजूने पडला, हे तपासावे लागेल.

एका दात्या स्त्रीची बीजे एकाच जोडप्याला देण्याचे बंधनही कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये मर्यादा बीजांच्या संख्येवर नाही. एका दात्याच्या बीजांपासून जास्तीत जास्त दहा कुटुंबांत मुले जन्मू शकतात, अशी ती आहे. दात्या स्त्रीला प्रत्येक चक्रामागे ठरावीक भरपाई मिळते आणि ऑक्टोबर २०२४ पासून ती ९८५ पौंड आहे. भारताने स्त्रीबीजांच्या विक्रीला मनाई केली, हे योग्यच. तथापि मागणी कायम आणि अधिकृत पुरवठा आक्रसलेला, अशा स्थितीत दलाल फोफावतात, हा इतर अनेक क्षेत्रांतील अनुभव येथे लागू होणार नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पेढीने दात्या स्त्रीचा आधार क्रमांक घ्यावा, असे कायदा सांगतो. इरोडच्या प्रकरणात ओळखीची कागदपत्रेच खोटी असल्याचा आरोप होता, हे विसरता येत नाही.

बीज मिळणे हा काहींसाठी मातृत्वाचा एकमेव मार्ग असतो, याची दखल सरकारलाही घ्यावी लागली. सरोगसीच्या नियमांत मार्च २०२३ मध्ये बदल करून जोडप्याची स्वतःचीच बीजे वापरण्याची सक्ती झाली होती. वैद्यकीय कारणाने स्वतःचे स्त्रीबीज वापरू न शकणाऱ्या एका स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिलासा दिला. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम सुधारला आणि जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्राच्या आधारे पती-पत्नींपैकी एकासाठी दात्याचे बीज वापरण्यास मुभा दिली.

जाहिरातीतील आकडे

संख्येचा हाच मोह बाजारातही दिसतो. एएमएच हे संप्रेरक वाढू लागलेल्या लहान पुटकांतील ग्रॅन्युलोसा पेशींतून स्रवते. त्याची रक्तातील पातळी साठ्याचा अंदाज देते, एवढे खरे. उद्दीपनाच्या औषधांना अंडाशय कितपत प्रतिसाद देईल हे त्यावरून कळते आणि पातळी फार चढी असेल तर अतिउद्दीपनाचा इशाराही मिळतो. दात्या स्त्रीसाठी किंवा आयव्हीएफच्या रुग्णासाठी ही चाचणी म्हणूनच उपयोगाची आहे. पण वंध्यत्वाची कोणतीही तक्रार नसलेल्या तरुणीला ती काय सांगते? अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या सुमारे साडेसातशे स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्या स्त्रियांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी असल्याचे त्यात आढळले नाही. कारण उघड आहे. गर्भधारणेला त्या महिन्यात एकच चांगले बीज पुरते आणि त्याच्या गुणसूत्रांची अवस्था एएमएच सांगत नाही. ती मुख्यतः वय सांगते.

स्त्रीबीजे गोठवण्याचा विषय याच्याशीच जोडलेला आहे. अमेरिकन प्रजनन वैद्यक संघटनेने २०१२ मध्ये या तंत्रावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. २०१४ मध्ये फेसबुक आणि अ‍ॅपल या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना त्याचा खर्च देऊ केला आणि विषय कचेऱ्यांत पोहोचला. कर्करोगाच्या उपचारांना सामोऱ्या जाणाऱ्या तरुणीसाठी हे तंत्र वरदान आहे. औषधे आणि किरणोत्सार निद्रिस्त पुटकांचाही नाश करतात. अशा रुग्णांसाठी अंडाशयाचा तुकडाच गोठवून पुन्हा रोपण्याचाही मार्ग आहे. त्यातून पहिले मूल २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्माला आले.

केवळ लग्न किंवा करिअरमुळे मातृत्व लांबवणाऱ्या स्त्रीने मात्र दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. गोठवण्याने बीजाचे वय थांबते, सुधारत नाही. तिशीच्या सुरुवातीची बीजे आणि अडतिसाव्या वर्षीची बीजे यांत अंतर आहे. दुर्दैवाने अनेकजणी या निर्णयापर्यंत पोहोचतात ते पस्तिशी उलटल्यावर. दुसरे असे की, वितळवणे, फलन, वाढ आणि रोपण या प्रत्येक टप्प्यावर गळती होते. दहा बीजे ठेवली म्हणजे दहा संधी ठेवल्या असे नव्हे. ज्यांनी बीजे ठेवली, त्यांपैकी थोड्याचजणी ती वापरायला परत येतात, असा विविध देशांतील अनुभव आहे. हा विमा नव्हे, फार तर एक शक्यता आहे, असे स्वच्छ सांगणारी जाहिरात क्वचितच पाहायला मिळते.

पुढची दिशा

विज्ञान या मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न करीत आहे. एडिनबर्ग येथील एव्हलिन टेल्फर यांच्या गटाने २०१८ मध्ये मानवी पुटके अगदी सुरुवातीच्या अवस्थेपासून परिपक्वतेपर्यंत प्रयोगशाळेत वाढवून दाखवली. मात्र अखेरपर्यंत पोहोचलेली बीजे मोजकीच होती आणि त्यांतही सारे काही नेहमीसारखे नव्हते. पुटक न वाढवता, कच्ची बीजे काढून ती बाहेर परिपक्व करण्याची पद्धतही काही केंद्रांत वापरली जाते. तीत उद्दीपनाची औषधे नाममात्र लागतात किंवा लागतच नाहीत. पीसीओएसच्या रुग्णांना आणि पुढेमागे दात्या स्त्रियांनाही ती उपकारक ठरू शकेल. तथापि बीज आणि भोवतालच्या पेशी यांच्यातील महिनोन्‌महिन्यांच्या देवाणघेवाणीची बरोबरी प्रयोगशाळेतील बशीला अजून साधलेली नाही.

तोवर धोरणकर्त्यांसमोरचे काम स्पष्ट आहे. आयुष्यात एकदाच दान हे बंधन समर्थनीय आहे, पण ते पाळले जाते की नाही हे कळण्यासाठी देशभरातील दात्यांची, एका पेढीची माहिती दुसरीला पडताळता येईल अशी नोंद हवी. सातच्या आकड्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला औषधांची कमाल मात्रा, अंतिम इंजेक्शनाचा प्रकार आणि बीजे काढल्यानंतरच्या दिवसांतील तपासण्या यांचे नियम असावेत. दात्या स्त्रीसाठी बारा महिन्यांचा विमा कायद्याने बंधनकारक आहे. अतिउद्दीपनामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या किती दात्यांना त्याचा लाभ मिळाला, याची आकडेवारी प्रसिद्ध व्हायला हवी. एएमएच चाचणी आणि स्त्रीबीजे गोठवणे यांच्या जाहिरातींत वयानुसार प्रत्यक्ष मूल होण्याची शक्यता देणे सक्तीचे करता येईल.

केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय मंडळाला या साऱ्याचा विचार करण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. कायदा अमलात आल्यापासून देशातील केंद्रांनी किती दात्यांवर कोणते उपचार केले आणि त्यांपैकी किती जणींना त्रास झाला, ही माहिती गोळा करून मंडळाने सात या आकड्याची फेरतपासणी करावी. दान करणारी तेवीस वर्षांची तरुणी आणि अनेक वर्षे मुलाची वाट पाहणारे जोडपे, दोघांच्याही हिताचा निर्णय त्याच माहितीच्या आधारे होऊ शकेल.